शरदांतील मरे नदी

आपल्याकडे चैत्र-वैशाखाचा वणवा पेटलेला असतो, तेव्हां ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागांत शरद् ऋतु चालू असतो. मार्च, एप्रिल व मे हे तिकडील शरदाचे महिने. अशाच एका एप्रिलांत, मेलबर्न येथें स्थायिक झालेल्या माझ्या भाच्यासह, मरे नदीच्या कांठाकांठानें डोंगरापासून समुद्रापर्यंत मीं प्रवास केला. वाहन होतें कॅम्परव्हॅन. मोटारीच्याच पोटांत दोन बिछाने, एक शेगडी, पाण्याची टांकी आणि भांडीं ठेवण्याचें फडताळ. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. जेथें संध्याकाळ होईल तेथें मुक्काम करावा, सकाळीं चहा घेऊन पुढें निघावें. नदीकांठच्या पुष्कळशा सरकारी रानांत अशा गाड्यांना रात्रीं राहूं देतात. मात्र भाच्याचा एक नियम होता. कांठावरचा एखादा भव्य वृक्ष पाहून मी म्हणावें, "इथेंच थांबूं या," आणि त्यानें म्हणावें, "मामा, याच्याखालीं नको, वारा नसतांहि याची फांदी कडकन् मोडून पडते." त्या वृक्षाविषयीं पुढें सांगावयाचेंच आहे.

'मरे' हें नांव आपल्या कानांस मोठें विचित्र लागतें. माझ्या बहिणीला तर तें उच्चारवतच नसे; "त्या नदीला जाऊन या," एवढेंच ती म्हणे. वस्तुतः सर जॉर्ज मरे या ब्रिटिश वसाहतमंत्र्याचें हें आडनांव १८३० सालीं नदीला चिकटलें. त्यापूर्वीं, १८२४ च्या नोव्हेंबरांत, ह्यूम आणि हॉव्हेल हे दोन प्रवासी आजच्या आल्बरी शहराजवळ हीच नदी ओलांडून गेले होते व तिला ह्यूमचें नांव मिळालें होतें. दोन्ही नद्या एकच, हें मागाहून उमगलें. आणि तिच्या कांठीं सहस्रावधि वर्षें नांदणाऱ्या लोकांची तिला जीं नांवें होतीं, तीं नकाशावर आलींच नाहींत.

नदीची लांबी सुमारें २,५०० किलोमीटर. ऑस्ट्रेलियांत याहून लांब नदी नाहीं. आग्नेयेकडील बर्फाळ डोंगरांत उगम पावून ती न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन प्रांतांची सीमा होते आणि शेवटीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतून समुद्रास मिळते. आल्बरीपाशीं ती समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशें मीटर उंचीवर येते, आणि समुद्र तर अजून दोन हजार किलोमीटरांहून दूर असतो. म्हणजे किलोमीटरामागें सरासरी सात सेंटीमीटर उतार! अशी नदी धांवत नाहीं. वळणें घेत, पसरत, मागें पाहात चालते.

पहिला मुक्काम आम्हीं मरेच्या ओव्हन्स नांवाच्या उपनदीकांठीं ब्राइट या गांवीं केला. तेथील शरदाची शोभा पाहण्यास दुरून लोक येतात. एल्म, पॉप्लर, मेपल यांचीं पानें पिवळीं, नारिंगी, तांबडीं होऊन रस्त्यावर सडा पडलेला. मी हरखून गेलों. परंतु दुसऱ्या दिवशीं गांवाबाहेर पडलों तों आजूबाजूचें सारें रान जसेंच्या तसें हिरवट करडें! तेव्हां लक्षांत आलें कीं, पानगळ होते ती केवळ पाहुण्या झाडांची. १८५२ पासून सोन्याच्या लोभानें या खोऱ्यांत आलेल्या लोकांनीं व त्यांच्या वंशजांनीं युरोपांतील झाडें लाविलीं, त्यांची ही शोभा. येथला मूळचा वृक्ष पानें गाळीत नाहीं. तो साल सोडतो. त्या सुंदर गांवाशेजारच्या बकलंड खोऱ्यांतूनच ४ जुलै १८५७ रोजीं गोऱ्या खाणकऱ्यांनीं चिनी खाणकऱ्यांना मारहाण करून, त्यांचे तंबू जाळून हुसकून लाविलें, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे.

आल्बरीजवळ मूळ नदीची गांठ पडली आणि मी दुसऱ्यांदा फसलों. उन्हाळा नुकताच सरलेला, कुरणें वाळून गवताचा रंग सिंहाच्या अंगासारखा झालेला, आणि नदी मात्र दुथडी भरून वाहात होती. मला वाटलें, काय ही नदीची समृद्धि! भाच्यानें धरणाकडे बोट दाखविलें. निसर्गाच्या नियमानें या नदीला पूर येतो तो हिंवाळ्याच्या अखेरीस व वसंतांत, म्हणजे बर्फ वितळूं लागल्यावर. आणि ती सर्वांत रोडावते ती उन्हाळ्याच्या शेवटीं व शरदांत. १९१४ च्या दुष्काळांत तर पात्र इतकें आटलें होतें कीं, लोक कोरड्या पायांनीं ही नदी ओलांडीत. पुढें तिन्ही प्रांत आणि मध्यवर्ती सरकार यांचा पाणीवांटपाचा करार झाला. १९१९ ते १९३६ या काळांत ह्यूम धरण उभें राहिलें. नदीवर ठिकठिकाणीं मिळून तेरा बंधारे व जलपाश झाले. तेव्हांपासून हिंवाळ्या-वसंतांतलें पाणी अडवावयाचें आणि शेतांना हवें तेव्हां, उन्हाळ्यांत व शरदाच्या पूर्वार्धांत, सोडावयाचें असा क्रम आहे. नदीचे ऋतूच उलटे करून टाकले आहेत. शरदांतली ती संथ, भरलेली, चित्रासारखी मरे माणसांनीं गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत करारांनीं घडविली आहे. त्या करारांत कोण बसले होते आणि कोणास बोलावलेंच नव्हतें, याचा विचार त्या दिवसापासून माझ्या मनांतून जाईना.

सीमा म्हणून तर या नदीनें मोठीच गंमत केली आहे. आपण समजूं कीं, दोन प्रांतांमध्यें नदी असली म्हणजे सीमा मधोमध असावयाची. येथें तसें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश पार्लमेंटनें केलेल्या कायद्यांप्रमाणें सारें पात्र न्यू साउथ वेल्सचें. व्हिक्टोरियाची हद्द दक्षिणेकडील कांठाच्या माथ्यावर संपते. १९८० सालीं ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें एक खुनाचा खटला आला. मारेकरी व्हिक्टोरियाकडील कांठावर वर उभा होता, मेलेला मनुष्य खालीं पाण्यालगत. न्यायालयानें ठरविलें कीं, गुन्हा न्यू साउथ वेल्समध्यें घडला, सबब व्हिक्टोरियांत झालेली शिक्षा रद्द!

१९०१ पूर्वीं ह्या वसाहती एकमेकींपासून इतक्या अलग होत्या कीं, नदी ओलांडतांना मालावर जकात भरावी लागे. रेल्वेचीहि तीच कथा. १८८३ सालीं दोन्हींकडचे रूळ आल्बरीपाशीं भेटले, पण एकाची रुंदी चार फूट साडेआठ इंच, दुसऱ्याची पांच फूट तीन इंच. उतारूंनीं रात्रीं-अपरात्रीं गाडी बदलावी. हा त्रास १९६२ पर्यंत चालला. मिरजेच्या स्टेशनावर जुन्या काळीं मीटरगेज व नॅरोगेज यांच्यामध्यें बोचकीं घेऊन धांवलेल्या मंडळींस तो समजावून सांगण्याचें कारण नाहीं. अर्थात् जकातीनें जास्त गांजलेले लोक नदीकांठचेच; म्हणून वसाहतींच्या एकीकरणाची चळवळ राजधान्यांत थंडावली तेव्हां ती कोरोवा या कांठावरच्या लहानशा गांवीं, १८९३ च्या परिषदेंत, पुन्हा जागी झाली. घटना बनविणारे प्रतिनिधि लोकांनीं निवडावे, ही जॉन क्विक यांची सूचना तेथेंच संमत झाली.

कोरोव्याहून खालीं उतरल्यावर बार्मा नांवाचें अरण्य लागतें. भाचा ज्याच्याखालीं गाडी उभी करूं देत नव्हता, त्या वृक्षाचें हें माहेर. त्याला 'रिव्हर रेड गम' म्हणतात. आपल्या ओळखीच्या निलगिरीचाच तो भाऊबंद, परंतु लाकूड रक्तासारखें लाल आणि पाण्यांत न कुजणारें. या जातीचें इतकें मोठें अरण्य जगांत दुसरें नाहीं. सहस्रावधि वर्षांपूर्वीं येथें भूमीचा एक लांबलचक पट्टा भूकंपांनीं वर उचलला गेला, नदीची वाट अडली आणि तिला वळसा घ्यावा लागला. म्हणून येथें तिचें पात्र अरुंद झालें आहे, आणि पाणी वाढलें कीं तें रानांत पसरतें. त्या पसरण्यावरच ही झाडें जगतात; पूर न आला तर तीं वाळूं लागतात. आपण पुरास आपत्ति म्हणतों, या अरण्याचें तें अन्न होय. कांहीं जुन्या झाडांच्या बुंध्यांवर उभे, लांबट, होडीच्या आकाराचे व्रण दिसतात. मूळ रहिवासी एका अखंड सालीची होडी काढून घेत, त्याच्या त्या खुणा. झाड जगे, होडीहि होई.

हा प्रदेश योर्टा योर्टा लोकांचा. बार्म्याच्या समोर, न्यू साउथ वेल्सच्या कांठावर, कमरगंजा नांवाची त्यांची वसाहत आहे. जवळच्या एका मिशनमधून हे लोक १८८८ च्या सुमारास तेथें आले. त्यांनीं जमीन साफ करून शेती केली, घरें बांधलीं, शाळा चालविली. त्या शाळेचे गुरुजी, टॉमस शॅड्रॅक जेम्स, हे मॉरिशसमध्यें जन्मलेले हिंदी वंशाचे गृहस्थ होते. त्यांनीं याच लोकांतली मुलगी केली आणि मिशनची व पुढें कमरगंजाची शाळा मिळून सुमारें चाळीस वर्षें विद्यादान केलें. एका हिंदी माणसाचें नांव मरेच्या कांठीं असें कृतज्ञतेनें घेतलें जात असेल, याची मला कल्पना नव्हती.

परंतु शेती पिकूं लागल्यावर सरकारी मंडळानें कुटुंबांना दिलेले तुकडे परत काढून घेतले आणि पुढें जमिनीचा मोठा भाग गोऱ्यांना खंडानें दिला. घरांत कोणी यावें, गांवाबाहेर कोणी जावें, हें व्यवस्थापक ठरवूं लागले. गुरुजींचे मेहुणे विल्यम कूपर यांनीं, पार्लमेंटांत आपल्या लोकांचा एक तरी प्रतिनिधि असावा म्हणून, बादशहांना पाठविण्यासाठीं १,८१४ सह्यांचा अर्ज तयार केला. सरकारनें १९३८ सालीं तो पुढें पाठविण्याचेंच नाकारलें. शेवटीं ४ फेब्रुवारी १९३९ रोजीं कमरगंजाचे दीडशें-दोनशें स्त्री-पुरुष, मुलाबाळांसह, नदी ओलांडून व्हिक्टोरियाच्या बाजूस आले आणि बार्म्याच्या कांठावर झोपड्या घालून राहिले. आम्हीं जेथें गाडी लावून चहा केला, तेथून तो कांठ दूर नव्हता. नदी पार करणें म्हणजे त्या व्यवस्थापकाच्या सत्तेबाहेर जाणें. सीमेचा उपयोग त्या एका दिवशीं त्यांना झाला. पुष्कळजण पुन्हा परत गेलेच नाहींत. याच वसाहतींत १९०६ सालीं जन्मलेले डग्लस निकोल्स पुढें, १९७६ सालीं, दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. त्यांची व कूपर यांची समाधि कमरगंजासच आहे.

आतां इतिहासाच्या अभ्यासकास ज्या ठिकाणीं थांबणें भाग पडतें, तें सांगतों. योर्टा योर्टा लोकांनीं आपल्या भूमीवरचा परंपरागत हक्क न्यायालयांत मागितला. १९९८ सालीं निकाल लागला कीं, इतिहासाच्या लाटेनें या लोकांची परंपरागत रीतभात धुऊन नेली आहे, सबब हक्क उरलेला नाहीं. पुरावा कोणता? एक म्हणजे एडवर्ड कर या गोऱ्या मेंढपाळ-जमीनदाराचा ग्रंथ. तो या भागांत १८४० नंतर राहिला आणि १८८३ सालीं त्यानें आपल्या आठवणी छापिल्या. त्याचें लिखाण त्या लोकांच्या तोंडी परंपरेहून अधिक विश्वसनीय मानलें गेलें. दुसरा, खुद्द योर्टा योर्टांच्या पूर्वजांनीं १८८१ सालीं राज्यपालांस केलेला अर्ज. आमच्या जमिनी गेल्या, आतां शेती करून पोट भरण्यापुरती तरी जमीन द्या, असा त्याचा आशय. ज्या अर्थीं यांनीं शेतीसाठीं जमीन मागितली, त्या अर्थीं यांनीं आपली जुनी रीत सोडली, असा त्यावरून निष्कर्ष काढण्यांत आला! २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि अपील फेटाळलें.

मी कायदेपंडित नव्हे. परंतु कागद वाचण्यांत आयुष्य गेलेल्या माणसास हें शोभत नाहीं, असें मला प्रामाणिकपणें वाटतें. पोटाची भाकरी मागणाऱ्याचा अर्ज त्याच्याच नातवंडांविरुद्ध पुरावा व्हावा, आणि लिहितां येणाऱ्याची आठवण ही ऐकून जपणाऱ्याच्या आठवणीहून आपोआप खरी ठरावी, हा न्याय आपण आपल्या गांवोगांवच्या ओव्यांना, पोवाड्यांना, वहिवाटींना लावला तर किती इतिहास शिल्लक राहील? १८८१ चा तो अर्ज मला तर उलटेंच सांगतो: हे लोक तेथें होते, एकत्र होते, आणि ही भूमि आपली होती असें म्हणत होते. पुढें २०१० सालीं व्हिक्टोरिया सरकारनें बार्म्याचें राष्ट्रीय उद्यान केलें व त्याच्या कारभारांत योर्टा योर्टांना वांटा दिला. हक्क निराळा आणि कारभारांतला वांटा निराळा. पण कांठावर त्यांचा शब्द पुन्हा ऐकूं येऊं लागला आहे.

एचूका हें पुढचें गांव. हेन्री हॉपवुड या शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यानें तेथें तराफा चालवून तें वसविलें. १८६४ सालीं मेलबर्नची रेल्वे येऊन पोहोंचली, आणि चाकाच्या आगबोटींनीं दूरदूरच्या मेंढपाळांची लोंकर आणून येथें गाडींत भरावी असा व्यापार सुरू झाला. तेथील धक्का त्याच लाल लाकडाचा, आणि चांगला तीन मजल्यांचा. नदी एका ऋतूंत खालच्या मजल्याशीं असे, दुसऱ्यांत वरच्या. या आगबोटींचा आरंभहि गंमतीचा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें बक्षीस लावलें. १८५३ सालीं कॅडेल नांवाचा दर्यावर्दी कप्तान चांगली बोट घेऊन निघाला, आणि त्याच्याआधीं रँडेल नांवाचा एक तरुण घरीं बांधलेली बोट घेऊन निघालाच होता. रँडेलचा बाष्पपात्र चौकोनी होता. वाफ भरली कीं तो फुगे, म्हणून त्याला सांखळ्या आवळल्या होत्या! बक्षिसाचा मान कॅडेलला मिळाला, पण लोकांच्या मनांत राहिला रँडेल. एचूक्यास १८६६ सालीं बांधलेली 'ॲडिलेड' ही बोट तेथें अजून चालती आहे, आणि तिच्या भट्टींत लाल लाकूडच जळतें. शरदांत पाणी आटलें कीं त्या काळीं या बोटी चिखलांत रुतून महिनोन्‌महिने पावसाची वाट पाहात.

या एका गोष्टीनें मिल्ड्युराचा घात केला. व्हिक्टोरियाचे मंत्री आल्फ्रेड डीकिन १८८५ सालीं कालव्यांची शेती पाहण्यास कॅलिफोर्नियांत गेले, तेथें त्यांना जॉर्ज व विल्यम चॅफी हे बंधु भेटले. वर्षभरांत चॅफी ऑस्ट्रेलियांत आले, आणि मरेच्या कांठीं अडीच लक्ष एकर जमिनीचा करार करून त्यांनीं १८८७ सालीं मिल्ड्युरा वसविलें. जॉर्जनें आंखलेले पाणी उपसण्याचे प्रचंड पंप पाहून इंग्रज कारखानदार साशंक झाले, पण पंप चालले. द्राक्षें, संत्रीं पिकलीं. परंतु फळें तयार होत तीं शरदांत, आणि नदी आटे तीहि शरदांत, रेल्वे नव्हती. बोट रुतली कीं फळें सडावयाचीं. त्यांत नदीतले खेकडे कालव्यांचे बांध पोखरीत. १८९३ च्या सुमारास बँका बुडाल्या, चॅफींचें दिवाळें निघालें, जॉर्ज अमेरिकेस परतला. विल्यम मात्र तेथेंच राहिला, आणि १९२० सालीं मिल्ड्युराचा पहिला मेयर झाला. रेल्वे आली १९०३ सालीं. तोंपर्यंत लोकांनीं ताज्या फळांचा नाद सोडून द्राक्षें वाळविण्यास घेतलीं होतीं, आणि त्यांवर गांव तरलें. आम्ही गेलों तेव्हां मजल्यामजल्यांच्या मांडवांत बेदाणा वाळत होता. पोटॅशियम कार्बोनेट आणि एक तेलकट द्रव्य यांच्या पाण्यांत घड बुडवून वाळविण्याची ही ऑस्ट्रेलियन रीत आपल्या तासगांव-सांगलीकडेहि आली आहे. वास इतका ओळखीचा कीं क्षणभर मला घरींच असल्यासारखें वाटलें.

हेच डीकिन १८९० च्या अखेरीस हिंदुस्थानांत आले व येथील पाटबंधारे पाहून १८९३ सालीं त्यांनीं त्यांवर ग्रंथ लिहिला. पुढें ते ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. मिल्ड्युराचा मुख्य रस्ता त्यांच्याच नांवाचा. कालव्यांमागून जें दुखणें येतें तेंहि दोन्ही देशांत एकच. पाणी मुरून भूगर्भांतलें खारें पाणी वर येतें, आणि शिरोळ-सांगलीकडच्या क्षारपड जमिनींसारखी तेथेंहि जमीन पांढरी पडते. मरेकांठीं तर तें खारें पाणी नदींत शिरण्यापूर्वींच उपसून दूर नेऊन टाकण्यासाठीं पंपांच्या रांगा बसविल्या आहेत.

शेवटीं आम्ही गूल्वा येथें मुखाशीं पोहोंचलों. या भागांतल्या नारिंजेरी लोकांची कथा अशी कीं, न्गुरुंडेरी नांवाचा पूर्वपुरुष एका प्रचंड माशाचा पाठलाग करीत आला, आणि त्या माशाच्या शेपटीच्या फटकाऱ्यांनीं लहानशा ओढ्याची ही रुंद, वळणावळणांची नदी झाली. मुख पाहून मात्र मी खट्टू झालों. अडीच हजार किलोमीटर आलेली नदी वाळूच्या दोन टेकड्यांमधल्या अरुंद फटींतून समुद्रांत जाते. वरच्या अंगास इतकें पाणी काढून घेतलें जातें कीं, १९८१ सालीं हें मुख वाळूनें अगदीं बुजलें होतें. आणि २००२ पासून कित्येक वर्षें यंत्रांनीं रात्रंदिवस वाळू उपसून तें उघडें ठेवावें लागलें. १९५६ किंवा २०२२-२३ सारखा महापूर आला म्हणजेच नदी स्वतःच्या बळानें समुद्र गांठते. कोणी किती पाणी घ्यावें आणि नदीस किती सोडावें, याची २०१२ सालीं योजना झाली, परंतु तिच्यावरचा वाद चालूच राहिला.

याच मुखाशीं १८३० च्या फेब्रुवारींत कॅप्टन स्टर्ट उभा होता. मरम्बिजी नदींतून व्हेलबोटीनें तो १४ जानेवारीस मरेंत शिरला. बरोबर मॅक्ले नांवाचा तरुण, तीन शिपाई आणि तीन कैदी. वाटेंत डार्लिंगच्या संगमाजवळ शेंकडों मूळ रहिवासी शस्त्रें घेऊन कांठावर जमले. स्टर्टनें बंदूक रोखली होती. इतक्यांत पूर्वीं ओळख झालेला त्यांच्यांतलाच एक मनुष्य धांवत येऊन मध्यें पडला, आणि रक्तपात टळला. त्या माणसाचें नांव कोणी टिपून ठेविलें नाहीं. मुखांतून जहाजें येऊं शकत नाहींत हें पाहून स्टर्टला, शिधा संपत आला असतां, त्याच वाटेनें प्रवाहाविरुद्ध वल्हीं मारीत मागें फिरावें लागलें. मार्च संपत आला तेव्हां ते मरम्बिजीवरच्या आपल्या तळाशीं आले, तों तळ उठून गेलेला! एकाचें डोकें फिरलें, स्टर्टची दृष्टि पुढें बराच काळ अधू झाली. दोघे पायीं मदत आणावयास गेले, आणि एप्रिलांत शिधा घेऊन आले. म्हणजे तो परतीचा प्रवास शरदांतच झाला. धरण नव्हतें, बंधारा नव्हता. आटलेल्या नदींत, उघड्या पडलेल्या झाडांच्या ओंडक्यांतून नाव ओढीत त्यांनीं तीं वळणें पार केलीं.

आम्ही गूल्व्याहून पहांटे निघालों आणि रात्रीं जेवावयास मेलबर्नला बहिणीच्या घरीं होतों.